शेतकऱ्याला सूट आहे; जागा नाही

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आपला माल थेट ग्राहकाला विकण्यास कायद्याने बंदी होती आणि ती २०१६ मध्ये उठली, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ झाली आहे. सभांतून आणि वक्तृत्वस्पर्धांतून ती इतक्या वेळा उच्चारली गेली की, मूळ कायदा उघडून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. १९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियमाचे सहावे कलम मात्र वेगळेच सांगते. बाजारक्षेत्रात परवान्यावाचून शेतमालाचा व्यापार करू नये, असा दंडक घालणाऱ्या या कलमाच्या दुसऱ्याच पोटकलमात किरकोळ विक्री, शेतकऱ्याने केलेली स्वतःच्या मालाची विक्री आणि घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला केलेली विक्री, या तिन्ही गोष्टी त्या दंडकातून वगळल्या आहेत. म्हणजे खेड-मंचरच्या शेतकऱ्याने आपली मेथी पुण्यातील एखाद्या गृहिणीला विकणे हा त्या कायद्याप्रमाणे कधीच गुन्हा नव्हता.

मग तो शेतकरी शहरात विकताना दिसत का नव्हता आणि आजही अभावानेच का दिसतो? याचे उत्तर असे की, मोकळीक आणि संरक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायद्याने शेतकऱ्याला अनेक ठिकाणी वगळले आहे. परंतु जेथे त्याला कायद्याच्या आधाराची गरज आहे तेथेही तो वगळलेलाच राहिला आहे.

बाजार समित्यांचा कायदा शेतकऱ्याच्या द्वेषातून जन्मला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार निघाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्यबाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापूसबाजारांचा आणि १९३९ मध्ये सर्व शेतमालाचा कायदा आला. मधल्या काळात, १९२८ मध्ये, शाही कृषि आयोगाने अशा बाजारांची शिफारस केली होती. रुमालाखाली बोटे चाचपून भाव ठरवणारी हत्ता पद्धत, आडत, तोलाई, कडता आणि धर्मादाय अशा नावांनी होणारी कपात, ही त्या काळची वस्तुस्थिती होती. उघड लिलाव, प्रमाणित वजन आणि रोख चुकवती ही त्यावरची तोड. पुढे समित्यांच्या आवारातच आडत्यांची मक्तेदारी कशी माजली, हा निराळा आणि पुष्कळ चघळलेला विषय आहे. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, हा सारा विचार घाऊक व्यापाराचा होता. पाटी घेऊन शहरात येणारा शेतकरी त्यात बसत नव्हता, म्हणूनच त्याला एका वाक्यात सूट देऊन कायदा पुढे गेला.

२०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. निर्णय योग्य होता. पण त्याचा लाभ मुख्यतः आवाराबाहेर मोठी खरेदी करणाऱ्यांना आणि त्यांना विकणाऱ्यांना होता. केंद्राच्या २०२० च्या कृषि कायद्यांचेही तेच. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर आंदोलन झाले आणि २०२१ मध्ये ते कायदे मागे घेतले गेले, तरी त्या प्रचंड वादात शेतकऱ्याने ग्राहकाला किलोभर टोमॅटो विकण्याचा प्रश्न कोणत्याच बाजूने उपस्थित केला नाही.

तो प्रश्न महापालिकेच्या हद्दीत सुरू होतो. शेतकरी टेम्पो घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला की, तो बाजार समितीच्या नव्हे, नागरी कायद्याच्या कक्षेत येतो. महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे रस्त्यावर विनापरवाना विक्रीस मांडलेला माल पूर्वसूचना न देता हलवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. फेरीवाल्यांनी याविरुद्ध दीर्घ लढा दिला. १९८५ चा मुंबईच्या फेरीवाल्यांचा खटला आणि १९८९ चा सोदान सिंग खटला हे त्यातले टप्पे होत. त्या लढ्याचे फळ म्हणजे संसदेने २०१४ मध्ये केलेला पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा. सर्वेक्षण, विक्रीप्रमाणपत्र, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती, अशी त्याची रचना आहे. जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागताच त्याच दिवशी परत द्यावा, अशी शहाणपणाची तरतूदही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांपैकी कोणी तरी भाजीची जुडी दुपारनंतर कशी दिसते हे पाहिले होते, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी विक्रेत्याने हमी द्यायची असते की, आपणास उपजीविकेचे दुसरे साधन नाही. शहरातील गरीब फेरीवाल्याच्या जागा धनिकांनी बळकावू नयेत, हा या अटीचा हेतू उघड आहे आणि तो रास्तही आहे. शेतकरी मात्र या अटीपाशी अडतो. त्याचे उपजीविकेचे साधन शेती हेच आहे. शेती आहे म्हणूनच तो विकायला आला आहे. ही हमी त्याने दिली तर ती खोटी ठरेल, न दिली तर प्रमाणपत्र नाही. शिवाय पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या सर्वेक्षणाच्या दिवशी तो शहरात असेलच असे नाही. हंगाम नसताना तो आपल्या वावरात असतो. बाजार समितीच्या कायद्याने त्याला शेतकरी म्हणून सोडून दिले आणि पथविक्रेत्यांच्या कायद्याने शेतकरी म्हणूनच बाहेर ठेवले.

खाद्यपदार्थांच्या कायद्यातही हाच प्रकार आढळतो. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाच्या अठराव्या कलमाने शेतकरी, त्याची शेती आणि शेतावरील उत्पन्न यांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. ही सूट शेताच्या बांधापर्यंत पुरते. आवळा वाळवून सुपारी केली, कैरीचे लोणचे घातले, तिखट कुटून पुड्या बांधल्या की शेतकरीण अन्नव्यावसायिक ठरते. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी १०० रुपये वार्षिक शुल्काची साधी नोंदणी ठेवली, हे खरे आणि स्वागतार्ह आहे. खाण्याच्या वस्तूंवर देखरेख असू नये, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण दुधाची गोष्ट पाहावी. आपले सर्व दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासद उत्पादकाला त्याच नियमावलीने नोंदणीतून सूट दिली. त्याच गोठ्यातले चार लिटर दूध जवळच्या वसाहतीतील घरी रतीबाने दिले की, सगळे दूध संस्थेला जात नाही, म्हणून सूट संपली. धंदा संस्थेमार्फत व्हावा, हाच कायद्याचा मनोमन कल आहे. थेट व्यवहार हा त्याच्या दृष्टीने अपवाद, किंबहुना थोडासा संशयास्पद प्रकार.

या उणिवेवर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे शेतकरी आठवडे बाजार. पणन मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात असे बाजार सुरू झाले आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत थेट विधान भवनाच्या आवारात शेतकऱ्यांची भाजी विकली गेली. या अभियानाला सावता माळ्याचे नाव देण्यात औचित्य होते. गृहनिर्माण संस्थांच्या दारात शेतकरी गटांनी भाजी पोचवण्याचा प्रकार २०२० च्या टाळेबंदीत तर सर्वांच्या परिचयाचा झाला. ग्राहकाला ताजा माल मिळतो आणि शेतकऱ्याला घाऊक भावापेक्षा चार पैसे अधिक सुटतात, हे त्यातून सिद्ध झाले. त्याविषयी आता वाद उरलेला नाही. मात्र हे सारे परवानगीवर चालते. मैदान पालिकेचे, परवानगी अधिकाऱ्याची, मुदत त्यांच्या मर्जीची. स्थानिक दुकानदारांनी तक्रार केली किंवा मैदानावर दुसरा कार्यक्रम ठरला, तर त्या आठवड्याचा बाजार हलतो. आणि शेतात काढणी झालेला माल मागे फिरवता येत नाही.

मर्जीवर उभ्या राहिलेल्या बाजारांचे काय होते, याचा अनुभव तमिळनाडूने घेतला आहे. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' आणि आंध्रात १९९९ च्या आरंभी 'रयतु बाजार' सुरू झाल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मदुराईत पहिले 'उळवर संदै' उघडले. जागा सरकारी, तराजू सरकारी, शेतकऱ्याला ओळखपत्र, भावाचे फलक, अशी व्यवस्था आंध्रात आणि तेथेही होती. २००१ मध्ये तमिळनाडूत सत्तांतर झाले आणि आधीच्या पक्षाची योजना म्हणून या बाजारांकडे दुर्लक्ष झाले. २००६ मध्ये तो पक्ष परत आल्यावर त्यांना पुन्हा ऊर्जितावस्था आली. मधल्या पाच वर्षांत शेतकऱ्यांना दाद मागण्यासाठी बोट ठेवता येईल असे एखादे कलम हाताशी असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

कलम कसे असू शकते, याचा एक नमुना अमेरिकेत सापडतो. व्हर्जिनिया राज्याने २०१४ मध्ये असा कायदा केला की, शेतावर होणाऱ्या शेतमालाच्या विक्रीत स्थानिक संस्थांनी नियमनाचा हात घालू नये. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता वा कल्याण यांवर ठळक परिणाम होत असेल तरच घालावा. तेथे ग्राहक मोटार घेऊन शेतावर जातो, येथे शेतकरी पाटी घेऊन शहरात येतो. तेव्हा तो कायदा उचलून आणण्यात अर्थ नाही. घेण्यासारखे आहे ते त्यातले तत्त्व. अडवणाऱ्याने कारण दाखवावे; विकणाऱ्याने विनवण्या करीत फिरू नये.

महाराष्ट्रात असा कायदा करायचा तर त्याचा आवाका फार मोठा असण्याची गरज नाही. प्रत्येक शहरात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी शेतकऱ्याला विकण्याचा हक्क असावा. तो कायम गाळ्याचा हक्क नसावा, म्हणजे फेरीवाल्यांशी झगडा उद्भवणार नाही. जागा काढून घ्यायची तर नोटीस आणि पर्यायी जागा, दोन्ही द्यावीत. जप्त नाशवंत मालाविषयीची २०१४ च्या कायद्यातील तरतूद शेतकऱ्यालाही लागू व्हावी. वजने-मापे तपासून शिक्का मारण्याची सोय बाजाराच्या जागीच करता येईल.

यावर पहिला आक्षेप येईल तो बनावट शेतकऱ्यांचा. व्यापारीच सातबारा दाखवून बसतील, ही भीती खोटी नाही. पण सातबारा हा पुरावा दोन्ही बाजूंनी अपुरा आहे. त्यावर नाव असलेला मनुष्य शेतात पाऊल टाकीत नसेल. आणि पहाटे भाजी खुडून बाजारात बसणाऱ्या बाईचे नाव त्यावर बहुधा नसतेच. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढावी लागली ती याचसाठी. जमिनीची मालकी न विचारता पीक विचारणे अधिक उपयोगाचे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. विकायला आणलेले पीक त्या कुटुंबाच्या नोंदीत आहे का, एवढे पाहिले तरी वांगी न लावता वांगी विकणारा बराचसा बाजूला पडेल. दुसरा आक्षेप माथाडी कामगारांच्या रोजगाराचा. त्यांना १९६९ च्या कायद्याने मिळालेले संरक्षण कष्टाने मिळवलेले आहे. परंतु लासलगावला ट्रॅक्टरभर कांदा नेणाऱ्याला तो किलोकिलोने विकणे कधीच परवडणार नाही. थेट विक्री हा घाऊक बाजाराला पर्याय नव्हे. तो थोड्या जमिनीवर भाजीपाला काढणाऱ्या, शहरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या शेतकऱ्याचा मार्ग आहे, आणि त्याच्याविषयी याहून अधिक आशा बाळगणे भाबडेपणाचे होईल.

राहता राहिला जागेचा प्रश्न. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे शहराच्या विकास आराखड्यात बाजारांसाठी जागा राखून ठेवता येते आणि आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. घरमालक, विकासक, व्यापारी संघ त्या दाखल करतात. शेतकरी त्या शहराचा रहिवासी नसतो. मसुदा प्रसिद्ध झाल्याचे त्याच्या कानावरही येत नाही. त्याच्याकडून भाजी घेणारे मात्र त्याच शहरात राहतात, मसुदा त्यांच्याच वर्तमानपत्रांतून जाहीर होतो, आणि एका साध्या अर्जावर शेतकरी बाजारासाठी आरक्षण सुचवण्याचा अधिकार त्यांच्यापैकी प्रत्येकाला आहे.