वादळानंतरची वीज आणि आपल्या दुकानातील जनित्र

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे आणि येथील वीजवाहिन्या बहुतांशी या वनांतूनच गावोगावी जातात. उन्हाळ्यातील वळीव असो वा श्रावणातील झड, एखादे जुने झाड तारांवर कोसळले की त्या वाहिनीवरची गावे एकाच क्षणी अंधारात बुडतात. शेजारच्या चंद्रपुरात 2,920 मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक केंद्र आहे. पण मधला एक खांब पडला तर त्याचा आपल्याला काय उपयोग!

भामरागडची स्थिती याहून बिकट. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमाजवळ वसलेल्या या गावाचा आलापल्लीशी असलेला संपर्क पर्लकोटेच्या पुराने तुटतो आणि पाणी बाजारपेठेत शिरते. 2019 च्या पावसाळ्यात तर हे अनेकदा घडले. पूर ओसरेपर्यंत दुरुस्तीचे साहित्य पलीकडे नेणेही कठीण.

पुरवठा पूर्ववत होण्याचा एक क्रम असतो. प्रथम 33 केव्ही उपकेंद्र, मग 11 केव्ही वाहिनी, त्यानंतर रोहित्र, लघुदाब तारा आणि सर्वांत शेवटी आपल्या दुकानात येणारी वायर. शेजारच्या आळीत दिवे लागले आणि आपल्याकडे नाहीत, यात पक्षपात असेलच असे नाही. दोन्हींची रोहित्रे निराळी असू शकतात. महावितरणच्या जनमित्रांना जंगलात बिघाड शोधण्यासाठी वाहिनीखालून पायीच चालावे लागते.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना अंधाराचा जाच थोडा कमी. दुकानाला मात्र ती सोय नाही. भातगिरणी थांबते, फ्रीजरमधील माल नासू लागतो आणि जनित्र बाहेर निघते. खरा धोका येथे आहे. घाईत ते मीटरजवळच्या तारांना, किंवा दोन्ही टोकांना पिन बसवलेल्या वायरीने थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडले जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. 11,000 व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला 230 व्होल्ट देणारे तेच यंत्र, आपल्या बाजूने वीज शिरली तर पलीकडे हजारो व्होल्टचा दाब निर्माण करू शकते. वाहिनी बंद आहे असे समजून तीन-चार कोसांवर खांबावर चढलेल्या जनमित्राच्या हाताशी तो दाब पोहोचतो. काम करण्यापूर्वी तारा भूमीशी जोडण्याचा नियम त्याच्या रक्षणासाठी आहे. आपल्या निष्काळजीपणाची सोय म्हणून नव्हे.

उपाय फार खर्चाचा नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसेल तर उपकरणे थेट जनित्रालाच जोडावीत. इन्व्हर्टरची जोडणीही एकदा तपासून घ्यावी. जनित्र दुकानात, गोदामात वा शटर ओढून चालवू नये; त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच प्राण जातात.

तुटलेली तार ठिणगी टाकत नाही म्हणून ती बंद आहे असे मानू नये. निदान दहा मीटर दूर राहावे, गुरांनाही दूर ठेवावे आणि 1912 वर कळवावे. ओल्या बांबूने तार बाजूला सारण्याचे धाडस तर कधीच करू नये. दुकानात पाणी शिरण्याचा संभव दिसताच मेन स्विच कोरड्या जागी उभे राहून बंद करावा. जे सॉकेट बुडाले असतील ते तपासल्याखेरीज सुरू करू नयेत.

वीज येण्यापूर्वी फ्रीज, मोटार, संगणक बंद ठेवून एकच साधा दिवा चालू ठेवावा. तो नेहमीपेक्षा प्रखर किंवा फारच मंद जळला तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. तत्काळ मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.