शर्यतीची जुनी मोटार आणि तिच्या ब्रेकमधील द्रव

एरंडेलाची बाटली पाहतांच पळ काढणारीं मुलें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. किंबहुना आपणांपैकीं पुष्कळजण लहानपणीं त्यांतलेच होते. हेंच एरंडेल एके काळीं मोटारीच्या ब्रेकच्या नळ्यांतूनही फिरत असे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक नवे होते तेव्हां त्यांत एरंडेल व अल्कोहोल यांचें मिश्रण घालीत. कारण साधें होतें. खनिज तेलानें नैसर्गिक रबर फुगून निकामी होतें. एरंडेलानें तसें होत नाहीं. आज युरोप-अमेरिकेंत जुन्या शर्यतींच्या मोटारी जिवापाड जपून त्या पुन्हां धांवविणारे हौशी लोक आहेत. अशा मोटारीच्या ब्रेकमध्यें आतां कोणता द्रव घालावा, हा प्रश्न त्यांस नेहमीं पडतो. प्रश्न दिसावयास क्षुल्लक. पण त्याच्या उत्तरावर चालकाचा जीव अवलंबून असतो, म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

चालकानें पेडल दाबलें कीं मुख्य सिलिंडरांतील दट्ट्या द्रवावर दाब आणतो. द्रव दाबून लहान होत नाहीं; म्हणून तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत सारखाच पोंचतो. तारा व दांड्या यांच्या ब्रेकला हें समत्व साधणें कठीण जाई. 1921 सालीं फ्रान्समध्यें ल मां येथें झालेली ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी या अमेरिकन चालकानें ड्यूसेनबर्ग मोटारींतून जिंकली. तिच्या चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. पुढें 1953 सालीं त्याच ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप पहिली आली. तिच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, आणि तिचा सरासरी वेग ताशीं शंभर मैलांच्या वर गेला होता.

आतां एक साधा हिशेब करूं. हजार किलो वजनाची मोटार ताशीं 240 किलोमीटर वेगानें येत आहे, आणि वळणापाशीं तिचा वेग 60 वर आणावयाचा आहे. तेवढ्या एका वेळच्या ब्रेकनें जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर सुमारें सहा लिटर गार पाणी उकळूं लागेल! शर्यतींत हें दर फेरीस आणि अनेक वळणांवर घडतें. बहुतेक उष्णता वाऱ्यानें निघून जाते. परंतु कांहीं भाग ब्रेकमधील द्रवापर्यंत पोंचतोच. द्रव उकळला कीं त्याची वाफ होते, आणि वाफ मात्र दाबली जाते. मग चालकाचा पाय पेडलसह तळाला टेकतो आणि मोटार थांबत नाहीं.

यावरून, ज्याचा उत्कलनबिंदु सर्वांत उंच तोच द्रव उत्तम, असें कोणासही वाटेल. येथेंच गफलत होते. अमेरिकेच्या परिवहन खात्यानें ठरविलेल्या प्रतींस ‘डॉट’ असें म्हणतात. डॉट 3 चा द्रव कोरडा असतां किमान 205 अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळतां कामा नये. डॉट 4 ची मर्यादा 230 अंश आणि डॉट 5 व 5.1 यांची 260 अंश आहे. पण डॉट 3, 4 व 5.1 हे ग्लायकॉल वर्गांतील द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतात. साडेतीन-पावणेचार टक्के पाणी शिरलें कीं डॉट 4 ची मर्यादा 155 अंशांवर आणि डॉट 3 ची 140 अंशांवर येते. म्हणजे दोन वर्षें पडून राहिलेल्या महाग द्रवापेक्षां नुकत्या उघडलेल्या डब्यांतला साधा द्रव अधिक भरंवशाचा ठरूं शकतो.

डॉट 5 चा जांभळ्या रंगाचा सिलिकोन द्रव ओलावा शोषीत नाहीं आणि सांडला तरी रंग खराब करीत नाहीं. म्हणून प्रदर्शनांतल्या मोटारींचे मालक त्यावर खूष असतात. शर्यतींत मात्र तो नको. तापल्यावर तो किंचित दबतो, त्यामुळें पेडल मऊ लागतें. शिवाय नळ्यांत शिरलेलें पाणी त्यांत मिसळत नाहीं; तें सखल जागीं सांचून गंज धरवितें आणि शंभर अंशांच्या सुमारास त्याची वाफ होते. ग्लायकॉलच्या द्रवांत तर तो कधींही मिसळूं नये. डॉट 5.1 हा नांवानें त्याचा भाऊ वाटला तरी तो सिलिकोनचा नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें.

द्रव निवडण्याआधीं रबराची चौकशी करावी. गॅरेजमध्यें या द्रवास सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण त्या नांवावर विसंबून कोणी इंजिनचें तेल ओतलें, तर रबरी वॉशर फुगतील आणि ब्रेक अडकून बसतील. सत्तर वर्षांचें रबर मुळांतच थकलेलें असतें. तें सर्व काढून, नळ्या स्वच्छ करून, ग्लायकॉलला चालेल असें नवें रबर बसवावें. मग निवड सोपी होते. ड्रम ब्रेकच्या मोटारीला थोड्या फेऱ्यांसाठीं ताजा डॉट 4 बहुधा पुरतो. डिस्क ब्रेक आणि लांब शर्यत असेल, तर शर्यतीसाठींच बनविलेला ग्लायकॉल वर्गांतील द्रव घ्यावा; असे कांहीं द्रव कोरडे असतां 300 अंशांपलीकडेही टिकतात. लहान डबा आणावा, उरलेला द्रव पुढील वर्षासाठीं ठेवूं नये, आणि प्रत्येक हंगामापूर्वीं जुना द्रव पूर्ण काढून, हवेचा बुडबुडा न राहील अशा रीतीनें नवा भरावा.

वाचकांपैकीं शर्यतीच्या मोटारीचे धनी फारसे नसतील; परंतु घरच्या मोटारींतही हाच द्रव आहे आणि कोंकणच्या दमट हवेंत तोही पाणी पितच असतो. मुलाबाळांसह घाट उतरतांना सारखा पाय ब्रेकवर ठेवला, तर तोही उकळूं शकतो. म्हणून उताराला खालचा गिअर टाकावा. आणि पुढच्या खेपेस मोटार गॅरेजांत जाईल तेव्हां ब्रेकमधला द्रव शेवटीं कधीं बदलला, एवढें अवश्य विचारावें. उत्तर कोणासच आठवत नसेल, तर तो त्याच दिवशीं बदलून घ्यावा.