अनवाणी पावलांचे धन

कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांचे गुळाचे अडत दुकान होते. चौथी इयत्तेपर्यंत माझ्या पायांत पायताण नव्हते. वाढत्या पायांसाठी चपला घेणे हा तोट्याचा व्यवहार, असे वडिलांचे मत. त्यांच्या त्या काटकसरीने मला केवढे धन दिले!

गाडीवाटेवरची पहाटेची थंडगार धूळ, मृगाच्या सरींनंतर बोटांच्या बेचक्यांतून वर येणारा काळा चिखल, दुकानाच्या फरशीवर तळव्यांना चिकटणारा गूळ. सारे गाव मला पायांनी पाठ होते. बाभळीचा काटा रुते, तेव्हा आजी तो सुईने काढी आणि म्हणे, “खाली बघून चाल रे बाळा. काटा रुतला की तू रडतोस. तुझ्या पायाखालच्या मुंगीला रडताही येत नाही.” पुढे चातुर्मासातील प्रवचनात ईर्यासमितीचा अर्थ ऐकला : समोरची चार हात भूमी न्याहाळीत, जीव जपत चालणे. तो पाठ आजीने आधीच दिला होता.

बँकेच्या नोकरीत पाय बुटांत बंदिस्त झाले. आता मधुमेहाने तळव्यांची संवेदना मंदावली आहे; अनवाणी चालण्यास डॉक्टरांची मनाई आहे. काटा रुतला तरी कळणार नाही, हे दुःख काट्याहून मोठे.

गेल्या हिवाळ्यात नातवासह कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री गेलो. मी पायथ्याशी थांबलो. तो अनवाणी डोंगर चढला. परतल्यावर म्हणाला, “आजोबा, पायरीवर मुंग्यांची रांग होती. मी थांबलो आणि बाजूने गेलो.”

आपल्या घरातील मुलांनाही रोज घटकाभर स्वच्छ, सुरक्षित मातीवर अनवाणी खेळू द्यावे, एवढीच विनंती.