ओढ्यापलीकडचं राज्य

1974च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला गेलेल्या आठ वर्षांच्या एका मुलीवर वीज पडली. तिचं नाव लिसा. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या टाकोमा पार्क या गावात तिच्या वर्गात डेव्हिड नावाचा मुलगा होता. दोघांची घट्ट मैत्री. लिसा गेल्यावर डेव्हिडला काही समजेना. देव आपल्यावर रागावलाय, म्हणून त्यानं लिसाला नेलं आणि आता तो आपल्या बहिणीलाही नेईल, अशी त्याच्या मनानं खूणगाठ बांधली.

डेव्हिडची आई कॅथरिन पॅटरसन. चीनमध्ये 1932 साली एका मिशनरी कुटुंबात जन्मलेली, पुढे काही वर्षं जपानमध्ये राहिलेली, मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारी बाई. लिसा गेली त्याच वर्षी तिची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे घरात मृत्यू आधीच डोकावून गेला होता. मुलाची समजूत घालता येईना, तेव्हा तिनं आपल्याला येत होतं ते काम हाती घेतलं. ती गोष्ट लिहायला बसली.

तीच ‘ब्रिज टू टेराबिथिया’. कादंबरी 1977 साली आली, 1978 साली तिला बालसाहित्यातलं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं आणि 2007 साली तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट निघाला. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा चित्रपट कोणता, असं कुणी विचारलं तर मी याचं नाव घेते. मात्र आधी बजावते की शेवटच्या अर्ध्या तासात घरात कुणीतरी रडणार आहे, आणि बहुतेक वेळा ते लहान मूल नसतं.

गोष्ट साधी आहे. खेड्यात राहणारा जेस पाचवीत शिकतो. घरात चार बहिणी आणि पैशाची ओढाताण. वडील दिवसभर राबून येतात, धाकट्या मे बेलला उचलून घेतात आणि जेसला मात्र कामं सांगतात. जेस चित्रं काढतो, पण चोरून. शाळेतली धावण्याची शर्यत जिंकायची म्हणून त्यानं सराव केलाय, आणि ऐन दिवशी त्याच्या पायात बहिणीचे गुलाबी रंगाचे जुने बूट आहेत. तो रंग त्यानं पेनानं काळा केलाय. शर्यत होते आणि शेजारच्या घरात नुकतीच राहायला आलेली लेस्ली नावाची मुलगी सगळ्या मुलांना मागे टाकून जिंकते.

लेस्लीचे आईवडील लेखक आहेत. घरात टीव्ही नाही, पुस्तकं भरपूर आणि मनात येईल ते बोलायची मोकळीक. दोघांची गट्टी जमते. गावाबाहेरच्या ओढ्यावर झाडाला बांधलेला एक जुना दोर लोंबतोय. त्याला धरून झोका घेत ती दोघं पलीकडच्या रानात उतरतात आणि तिथं स्वतःचं राज्य वसवतात. त्याचं नाव टेराबिथिया. मोडकं झाडघर हा राजवाडा, जेसनं लेस्लीला भेट दिलेलं कुत्र्याचं पिल्लू हा राजपुत्र. शाळेत छळणारी मुलं या रानात राक्षसी खारी आणि केसाळ गिधाडं होऊन चाल करून येतात. बसमधून उतरताना ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागते त्यांच्याशी इथं लढता येतं.

एका शनिवारी सकाळी जेसच्या आवडत्या संगीतशिक्षिकेचा फोन येतो. शहरातलं संग्रहालय बघायला येतोस का? गाडी लेस्लीच्या घरावरून जाते. तिलाही घेऊया का, असं विचारणं जेसला सहज शक्य असतं. तो विचारत नाही. तो दिवस त्याला एकट्याला हवा असतो. संध्याकाळी हरखून घरी येतो तर सगळे जण त्याच्याकडे भूत बघितल्यासारखे बघत असतात. पावसानं ओढ्याला पूर आला होता, लेस्ली एकटीच निघाली होती, आणि दोर तुटला.

हे मरण पडद्यावर कुठेच दिसत नाही. दिग्दर्शक गाबोर चुपो यांचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपण संग्रहालयात जेसबरोबर आनंदात असतो, आणि तेवढ्यात तिकडे सगळं संपलेलं असतं. जवळचं माणूस गेल्याची बातमी बहुतेकांना अशीच कळते. आपण तिथं नसतो, काहीतरी साधं, सुखाचं करत असतो, आणि मग त्या सुखाचीच टोचणी लागते.

या गोष्टीचं मर्म मला या टोचणीतच दिसतं. मुलांच्या दुःखाबद्दल बोलताना आपण रडू, आठवण, भीती एवढंच धरतो. मुलाच्या मनात याखेरीज एक हिशेब चालू असतो, आणि तो मोठ्यांना सहसा कळत नाही. माझ्यामुळे झालं का? मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की लहान वयात विचार आणि घटना यांतली रेघ पुसट असते. मी आजीवर रागावलो होतो म्हणून आजी गेली, असं एखादं मूल मनापासून मानू शकतं, आणि ते कुणापाशी बोलतही नाही. डेव्हिड असाच देवाच्या रागापाशी अडकला होता. जेस संग्रहालयापाशी अडकतो. आईनं मुलाचा हिशेब ओळखला आणि तो जसाच्या तसा गोष्टीत ठेवला.

पुस्तकात याच्याही पुढचं खरं आहे. लेस्ली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जेस न्याहारीला बसतो आणि पुढ्यात आलेले पॅनकेक भरपूर खातो. त्याची मोठी बहीण चिडते की याला दुःखच नाही. ज्याची जिवलग मैत्रीण मेली असा शाळेत आपण एकटेच, म्हणजे आपण आता कुणीतरी विशेष झालो, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन जातो. मग त्याला लेस्लीचाच राग येतो. तिनं आपल्याला आपल्या जुन्या जगातून बाहेर ओढलं आणि नव्या जगात एकटं सोडून दिलं. इतक्या प्रामाणिकपणे बालकादंबरीत क्वचितच कुणी लिहिलं असेल. घरात कुणी गेलं असताना खेळायला पळालेलं, खाऊ मागणारं, नको तिथं हसलेलं मूल ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल. त्या मुलाला दुःख नसतं असं नाही. त्याला ते सलग पेलता येत नाही, म्हणून ते थोडं थोडं करून घेतं.

लिहिताना पॅटरसनबाई लेस्लीच्या मृत्यूपाशी येऊन थांबल्या होत्या. तो प्रसंग त्या टाळत राहिल्या. लिसाचं मरण पुन्हा अनुभवणं मला जमत नाही, असं त्यांनी एका मैत्रिणीला सांगितलं. तिचं उत्तर असं होतं की तुला लिसाच्या मरणाची भीती वाटत नाहीये, तुझ्या स्वतःच्या मरणाची वाटतेय. त्या घरी गेल्या आणि ते प्रकरण लिहून काढलं. पुढे हस्तलिखित वाचून संपादिका व्हर्जिनिया बकली यांनी त्यांना विचारलं, ही गोष्ट मैत्रीची आहे की मृत्यूची? तोवर पॅटरसनबाई ती मृत्यूची समजत होत्या. हा प्रश्न कानावर पडल्यावर त्यांना दिसलं की ती मैत्रीची आहे, आणि त्या पुनर्लेखनाला बसल्या. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत डेव्हिडचं नाव आहे, आणि त्याच्याच सांगण्यावरून लिसाचंही.

अमेरिकेत या पुस्तकाला विरोधही बराच झाला. तिथल्या ग्रंथालय संघटनेनं 1990 ते 1999 या दशकातल्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तीत हे पहिल्या दहांत होतं. भाषा उद्धट आहे, धर्माबद्दलचे विचार बरोबर नाहीत, मुलांच्या पुस्तकात मरण कशाला, असे ते आक्षेप. त्याच पुस्तकामुळे शाळेत एखाद्या मुलाचा मृत्यू झाल्यावर शिक्षकांच्या हाती काहीतरी आलं, ही दुसरी बाजूही तितकीच खरी.

चित्रपटाच्या मागे डेव्हिड पॅटरसन स्वतः होते. ते मोठे होऊन नाटककार झाले, आणि आईच्या कादंबरीवर चित्रपट व्हावा म्हणून कित्येक वर्षं फिरले. लेस्लीला मारू नका, थोडी जखमी करा, बेशुद्ध राहू दे आणि मग शुद्धीवर आणा, असं सुचवणारे निर्माते त्यांना भेटले. हे त्या माणसाला सुचवलं जात होतं, ज्याची खरी लेस्ली कधीच शुद्धीवर येणार नव्हती. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी वॉल्डन मीडिया ही कंपनी तयार झाली, जेफ स्टॉकवेल यांच्याबरोबर त्यांनी पटकथा लिहिली आणि 2006 साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या परिसरात चित्रीकरण झालं.

चुपो मूळचे हंगेरीचे. ‘रगरॅट्स’सारख्या कार्टून मालिका त्यांच्या नावावर होत्या आणि जिवंत माणसांचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट. कॅमेऱ्यामागे होते ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘रेजिंग बुल’चे मायकेल चॅपमन. कल्पनेतले प्राणी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर काम केलेल्या वेटा डिजिटलने घडवले. एवढं सामर्थ्य हाताशी असूनही चित्रपट त्याच्या आहारी जात नाही. बराच वेळ आपल्याला नुसतं रान दिसतं, पानं हलतात, एखादी सावली सरकते. मुलांना जेवढं दिसू लागतं तेवढंच आपल्यालाही दिसतं, आणि पूर्ण राज्य अगदी शेवटी. जाहिरातीत मात्र जादुई प्राण्यांनी भरलेला चित्रपट असल्यासारखा तो विकला गेला. ‘नार्निया’सारखं काहीतरी बघायला गेलेले पालक हादरून बाहेर आले. तरीही जगभरात त्यानं सुमारे 13 कोटी 70 लाख डॉलर कमावले.

जॉश हचरसनचा जेस घुसमटलेला आणि आतल्या आत चिडका आहे. अ‍ॅनासोफिया रॉबची लेस्ली इतकी जिवंत की ती नसलेल्या दृश्यांत पडदा रिकामा वाटतो. पण मला सगळ्यात जास्त आठवतात ती मोठी माणसं. कडक म्हणून बदनाम असलेल्या मिसेस मायर्स. जेस शाळेत एका मुलाला ठोसा मारतो, त्या त्याला वर्गाबाहेर नेतात आणि तो शिक्षेची वाट बघतो. त्या आपला नवरा गेला तेव्हाची गोष्ट सांगतात. उपदेशाचं एक वाक्य नाही. आणि रॉबर्ट पॅट्रिकने केलेले वडील. जेस दुःखानं वेडा होऊन रानात पळतो, टेराबिथियाचा काळा राक्षस त्याच्या मागे लागतो, आणि तो जवळ आल्यावर कळतं की हे तर बाबा आहेत. ज्या बापाची आयुष्यभर भीती वाटली त्याच्या छातीवर डोकं ठेवून मुलगा रडतो आणि मनातला प्रश्न विचारतो. लेस्ली देवाला मानत नव्हती, मग ती नरकात जाईल का? देवाबद्दल मला फारसं कळत नाही, पण त्या पोरीला देव नरकात पाठवणार नाही एवढं मला ठाऊक आहे, अशा अर्थाचं तो साधा माणूस बोलतो. आपलं अज्ञान त्यानं लपवलं नाही, म्हणूनच मुलाला त्याचा आधार वाटतो.

आपल्याकडे मुलांना सांगतात, आजोबा देवाघरी गेले, तारा झाले. त्यात माया असते. पण चार-पाच वर्षांचं मूल लगेच विचारतं, मग परत कधी येणार? तिथं बहुतेक घरं गप्प होतात किंवा विषय बदलतात, आणि मूल समजतं की हे विचारायचं नसतं. मराठीत ‘किल्ला’ या चित्रपटानं ही गप्प बसलेली जागा फार चांगली दाखवली आहे. अविनाश अरुण यांच्या या चित्रपटाला 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांचं क्रिस्टल बेअर मिळालं. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय दुःखाबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. सायकलवरून गेलेले मित्र त्याला भर पावसात किल्ल्यावर एकटं टाकून जातात, तेव्हा साठलेलं सगळं मित्रांवरच्या रागातून बाहेर पडतं. जेसचंही तेच होतं. पाठीमागून आलेल्या मे बेलला तो ढकलून देतो, आणि तिचा बिचारीचा काहीच दोष नसतो.

मे बेलबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. टेराबिथियाला मला पण न्या, म्हणून ती पहिल्यापासून मागे लागलेली असते, आणि दोघं तिला पिटाळत असतात. लेस्ली गेल्यावर ती एकटीच ओढा ओलांडायला निघते आणि मध्येच अडकते. जेस तिला वाचवतो. लेस्लीचे आईवडील घर सोडून जायला निघतात, तेव्हा तो त्यांच्याकडे उरलेल्या लाकडाच्या फळ्या मागून घेतो आणि ओढ्यावर पूल बांधतो. दोर जोवर होता तोवर ते राज्य धीटांचं होतं. पुलावरून लहान बहीणही येऊ शकते. मोठ्या माणसांच्या शोकात असा पूल क्वचित दिसतो. आपण फोटोला हार घालतो आणि गेलेल्या माणसाची खोली तशीच ठेवतो. हा मुलगा मैत्रिणीनं दिलेलं राज्य दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी आणतो. बेली मॅडिसनने केलेली ती छोटी मे बेल पुलावरून चालत जाते, तेव्हा सगळं राज्य पहिल्यांदाच उघड दिसू लागतं.

चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांनी मोठ्यांबरोबर बघायला हरकत नाही. घरात अलीकडेच कुणी गेलं असेल तर मोठ्यांनी आधी एकदा एकट्यानं बघून घ्यावा. बघताना मध्येच थांबवून समजावत बसू नये. मुलं प्रश्न साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारतात, अंघोळीच्या वेळी किंवा झोपताना, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. जेस तिला बरोबर घेऊन गेला असता तर ती वाचली असती ना? हो, वाचली असती, असंच सांगावं. आणि लगेच हेही सांगावं की दोर जुना होता, ओढ्याला पूर आला होता आणि त्या सकाळी जेसला यातलं काहीच माहीत नव्हतं.