मार्ट्झ दांपत्याचे मातीचे दिवे

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात व्हीडर्सबर्ग हे छोटं गाव आहे. इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर १९०९ मध्ये सुमारे ३२ लाख विटा अंथरल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक इथे भाजलेल्या. जेन आणि गॉर्डन मार्ट्झ यांनी १९५०च्या दशकात याच गावी टेबल दिव्यांचे मातीचे बुंधे घडवले. न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड इथे दोघं सिरॅमिक्स शिकले. मार्शल स्टुडिओज हा दिव्यांचा व्यवसाय जेनच्या माहेरचा.

दिव्याचा बुंधा करणं सुरईपेक्षा अवघड. वाळताना आणि भट्टीत माती साधारण दहा ते बारा टक्के आकसते. म्हणून वायरचं भोक माती ओली असतानाच, थोडं मोठं पाडून ठेवावं लागतं. भाजल्यावर पाडायला गेलं तर तडा जायची भीती. तोंड जरा वाकडं झालं की होल्डर तिरका बसतो आणि शेड कलते.

मातीवर कोरलेल्या बारीक रेघा, न चमकणारी झिलई आणि वर अक्रोडाच्या लाकडाची मान, ही या दिव्यांची ओळख. दिवा बंद असतानाही तो बघत राहावा असा असतो, आणि माझ्या मते हीच त्यांची खरी थोरवी. सही शोधायची असेल तर मागे, वायरच्या भोकाजवळ बघा: ‘मार्ट्झ’ हे नाव मातीतच कोरलेलं असतं. जुनी वायर मात्र बदलून घ्यावीच. तिचं आवरण कडक होऊन तडकतं.