राखणदार रानातच हवा



पापुआ न्यू गिनी हा डोंगर-जंगलांचा देश. तिथली बहुतेक जमीन सरकारची नसून आदिवासींची आहे. ह्युऑन द्वीपकल्पावर झाडांवर राहणारा कांगारू शिकारीमुळे धोक्यात आला, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या रानाचा काही भाग शिकारीला बंद केला. जमीन त्यांचीच राहिली. बंद भागात वाढलेली जनावरे बाहेर पसरतात, त्यामुळे शिकारही संपत नाही. २००९ मध्ये हे रान ‘युस’ नावाने देशाचे पहिले संवर्धन क्षेत्र झाले.

त्याच वर्षी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

देवाने आदामाला बागेत ठेवले ते मशागत व राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). राखणदाराला हाकलून रान राहत नाही. वनहक्काच्या दाव्यांसाठी प्रार्थना करा, कागदपत्रे जमवायला हातभार लावा.