पहिल्या फेरीचे दीडशे डॉलर : ऋतुजा भोसले ज्या टेनिसमध्ये खेळते ते टेनिस

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्धाच भाग ऐकून झालाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे "म्हणजे ना" आणि "बघा" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधून. तिसऱ्या मजल्यावर चौदा वर्षांची एक मुलगी राहते, टेनिस खेळते. रोज पहाटे साडेपाचला बाबांच्या स्कूटरवर मागे बसून, पाठीवर रॅकेटची बॅग घेऊन निघते. मागच्या महिन्यात तिचे बाबा आमच्या घरी आले आणि म्हणाले, "अरे, तू कंप्युटरवाला ना? मला एक एक्सेल करून दे. हिला प्रोफेशनल करायचं तर वर्षाला किती लागतील आणि किती परत येतील?"

मी म्हटलं, काका, अर्ध्या तासात देतो. प्रत्यक्षात तीन रविवार गेले.

आपण टीव्हीवर बघतो ते टेनिस म्हणजे सगळ्यात वरचा मजला. त्याच्या खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा असतात. मुलींच्या स्पर्धांची नावं डब्ल्यू 15, 35, 50, 75 आणि 100. मला वाटायचं हे आकडे बक्षिसाचे आहेत. पूर्वी तसंच होतं. 2024 पासून मात्र हा आकडा विजेतीला मिळणाऱ्या रँकिंग पॉइंटचा आहे.

आता सगळ्यात खालची डब्ल्यू 15 घ्या. एकूण बक्षीस 15,000 डॉलर, आणि ते सिंगल्स, डबल्स मिळून सगळ्या खेळाडूंमध्ये वाटायचं. जिंकणारीला साधारण 2,300 डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरणारीला दीडशेच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. त्यातून कर कापला जातो. विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा हे सगळं आपल्या खिशातून. कोचला सोबत नेणं तर विसराच.

शिवाय या स्पर्धा असतात कुठे? ट्युनिशियातलं मोनास्टिर किंवा तुर्कीतलं अंताल्या अशा गावांत आठवड्यामागून आठवडे चालतात. फ्रान्समधली मुलगी याच पातळीवर खेळत असेल, तर ती ट्रेन पकडून शेजारच्या शहरात किंवा स्पेन-इटलीत जाऊन खेळू शकते. तिच्या देशाच्या टेनिस महासंघाकडे रोलाँ गारोसारख्या स्पर्धेचं उत्पन्नही येतं. आपल्याकडे सोलापूर, पुणे, नवी मुंबई, बंगळुरू इथे स्पर्धा होतात, पण वर्षभर पुरतील इतक्या नाहीत. म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि उधारी आलीच.

आयटीएफनेच 2013 सालच्या आकड्यांवरून हिशेब केला होता. कोचिंगचा खर्च धरला नाही, तरी जगात फक्त 253 मुलींचा जमाखर्च जुळत होता. त्यापुढच्या सगळ्या तोट्यात.

हा अडीचशेचा आकडा लक्षात ठेवा, कारण तिथेच दुसरी रेषा आहे. ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी खेळायला रँकिंग साधारण पहिल्या अडीचशेत लागतं. 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्यांनाही 31,250 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. म्हणजे 240 नंबरची एक सामना हरून जेवढं कमावते, तेवढं 340 नंबरचीला अख्ख्या वर्षात जिंकूनही कठीण जातं. दोघींच्या खेळात मात्र तेवढा फरक नसतो.

आता ऋतुजा भोसले. जन्म 1996, श्रीरामपूर. याच सर्किटवर वाढलेली मुलगी. 2014 मध्ये ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत गेली आणि तिथल्या संघाकडून खेळली. तिकडच्या कॉलेज टेनिसमध्ये कोच, जिम, फिजिओ आणि दर आठवड्याला सामने असतात. शिष्यवृत्ती मिळाली तर फीचाही प्रश्न सुटतो. तिथून परत येऊन ती पुन्हा आयटीएफच्या स्पर्धा खेळू लागली. मार्च 2020 मध्ये दुबईत भारताचा महिला संघ फेड कपच्या प्ले-ऑफमध्ये पहिल्यांदाच पोचला, त्या संघातही ती होती.

मग 30 सप्टेंबर 2023, हांगझोऊ. एशियन गेम्स, मिक्स्ड डबल्सची फायनल. जोडीला 43 वर्षांचा रोहन बोपण्णा, समोर चायनीज तैपेईची जोडी. पहिला सेट 2-6 असा गेला. दुसरा 6-3 जिंकला. मग सुपर टायब्रेक 10-4. सुवर्णपदक! त्या वेळी सिंगल्समध्ये ऋतुजाचं रँकिंग तीनशेच्या पलीकडे होतं.

आणि या सुवर्णपदकाचे रँकिंग पॉइंट किती? शून्य. एशियन गेम्सचे पॉइंट मिळतच नाहीत. पदक घेऊन परत आल्यावर पुन्हा तेच सर्किट, तीच पहिली फेरी.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचंही बघा. 2014 मध्ये इंचिऑनला सानिया मिर्झासोबत डबल्सचं कांस्य, 2016 मध्ये रिओ ऑलिंपिक. तिथे चीनच्या जोडीविरुद्ध तीन सेटमध्ये पहिल्याच फेरीत हार. पण बार्शीची मुलगी ऑलिंपिक खेळली, हे कुठल्या रँकिंगच्या यादीत दिसत नाही.

मी काकांना एक्सेल दाखवलं. पहिली तीन वर्षं सगळे आकडे लाल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे नाहीच म्हणतोस?"

मी म्हटलं, काका, मी "दहावीनंतर शाळा सोडून थेट सर्किट" याला नाही म्हणतोय. ऋतुजाचा रस्ता बघा. अभ्यास चालू ठेवायचा, जवळच्या स्पर्धा खेळायच्या, डबल्स मनापासून शिकायचं, कॉलेज संघाचा दरवाजा उघडा ठेवायचा. दोन्ही मुलींची मोठी पदकं डबल्समधून आली आहेत, आणि जोडीदार चांगला असेल तर तीनशेच्या पलीकडची मुलगीही सुवर्ण जिंकते.

मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने एकच विचारलं, "दादा, सोलापूरची स्पर्धा कधी असते?"

काकांनी तारीख शोधायला फोन काढला.

तुम्हीही एक करा. आयटीएफच्या साइटवर या छोट्या स्पर्धांचं लाइव्ह स्ट्रीमिंग बऱ्याचदा असतं. कोर्टामागे एकच कॅमेरा, कॉमेंट्री नाही, टाळ्या वाजवणारे चार-पाच जण. एखादा सेट बघा. दीडशे डॉलरसाठी कोणी किती धावतं ते कळेल.

भेटू पुढच्या भागात!